कावळ्यापुढं दिलेला शब्द

माझा पोरगा विलायतेत वारला. तिथल्या दवाखान्यात कामाला होता. त्याची बायको तिकडचीच, आणि एकच पोरगी, कॉलेजात जाणारी. तिला मराठी येत नाही. आम्ही आजा-नात फोनवर बोलायचो तेव्हा बाप मधे बसून इकडचं तिकडं सांगायचा. त्याच्या अस्थी त्याचा दोस्त घेऊन आला. मायलेकी आल्या नाहीत.

दहाव्याला ओढ्याकाठी पिंड ठेवला. कावळे बाभळीवर बसलेले, पण एकही खाली येईना. गेलेल्याचा जीव कशात अडकलाय ते ओळखून अशा वेळी शब्द द्यावा लागतो. भावकीतला एकेक जण पुढं झाला. "तुझ्या आईला बघतो रं." "हिरीच्या पाण्याचं तुझ्या मनासारखं करतो." कावळा ढिम्म. भटजी दर्भाचा कावळा वळायला बसले तसा मी उठलो. म्हणालो, "पोरीला तुटू देत न्हाई. तुझ्या वर्षश्राद्धाला तिला आपल्या अंगणात आणतो. आता तिच्यासंगं मीच बोलीन." मी मागं सरलो आणि कावळा शिवला. सगळ्या गावानं बघितलं.

शाळा माझी चौथीपर्यंत. पण पलटणीत लांगरी होतो, साहेबांच्या मेसमधे रांधण्यात उमर गेली, त्यामुळं इंग्रजी कानावरनं गेलेलं. जेवणाचं, हवापाण्याचं बोलता यायचं. नातीशी ते पुरेना. त्या मायलेकी सरळ बोलायच्याच नाहीत, सगळं म्हणींतनं. सुनेला विचारलं, कशी आहेस, तर म्हणाली, पाण्यावर डोकं धरून आहे. मी दिवसभर घोरात, तिकडं पूर आला की काय.

वडूजला एक रिटायर बाई परदेशी जाणाऱ्या नर्स पोरींना इंग्रजी शिकवतात. तिथं गेलो. पोरी ओढणी तोंडाला लावून हसल्या. बाई म्हणाल्या, "मामा, हा वरचा वर्ग हाय. आधी खालच्यात बसा."

म्हटलं, "खाली बसलो की गुडघं उठत न्हाईत. हितंच बसतो."

बसलो. एसटीनं जायचो, एसटीनं यायचो. बाई नुसता अर्थ सांगून सोडायच्या नाहीत. कुणी कुणाला म्हणायचं, कुठं म्हणायचं नाही, तेही घोटून घ्यायच्या. 'बाइट द बुलेट' म्हणजे मुकाट्यानं सोसणं. 'किक द बकेट' म्हणजे मरणं, पण ज्याच्या घरात मयत झालंय त्याच्यापुढं ते तोंडातून काढायचं नाही. 'ब्लॅक शीप'वरून मात्र आमचं वाजलं. घरातल्या वाया गेलेल्या माणसाला म्हणे काळं मेंढरू म्हणतात. आम्ही पिढ्यानपिढ्या मेंढरामागं फिरलेली माणसं. काळ्या लोकरीचं घोंगडं रंगवावं लागत नाही, देवाच्या कामाला तेच मागतात. बाई म्हणाल्या, "आवं मामा, त्यांची मेंढरं त्यांच्यापाशी. तुमी अर्थ लिवा." लिहिला. पटला नाही.

एक दिवस 'प्ले इट बाय इअर' आलं. बाई म्हणाल्या, आत्ता काही ठरवायचं नाही, वेळ आली की पाहायचं.

"म्हंजी बघू," मी म्हणालो.

आमच्यात आवतण आलं की तोंडावर न्हाई म्हणत नाहीत. 'बघू की' म्हणतात, आणि मग आवतण देणारा त्या माणसाची पत्रावळ धरत नाही. मीही आयुष्यभर लय जणांना बघू म्हणालोय आणि गेलो नाही.

बाई म्हणाल्या, "त्यांच्यात तसं नसतं मामा. त्यांच्यात बघू म्हणणारी येतातबी."

वर्षश्राद्ध जवळ आलं तसा नातीला फोन लावला. आता मला तिचं सगळं कळत होतं, एक शब्द सुटत नव्हता. आई दुसरं लग्न करतीय म्हणाली, आईला नवं पान उलटायचंय. घर बदलणार, गाव बदलणार. मी श्राद्धाचं काढलं.  ती म्हणाली, "लेट्स प्ले इट बाय इअर, ग्रँडॅड."

मी म्हणालो, "द बॉल इज इन युअर कोर्ट."

आता काय ते तू ठरव, असं ठासून म्हणालो. उच्चार अगदी बाईंच्यासारखा आला.  ती म्हणाली, तुमचं इंग्रजी किती छान झालंय. त्यानंतर फोन लागला नाही.

बाईंना सांगितलं तर त्यांनी खडू खाली ठेवला. "हात झटकल्यावानी झालं की वो ते. ये म्हणायचं हुतं. कम. एवढंच."

"आजा हाय मी तिचा. पाया पडून बोलवू?"

मी परत वर्गात गेलो नाही. कम मला पलटणीत असल्यापासून येत होतं.

श्राद्धाला आटपाडीचे पाहुणे आले. घास कौलावर ठेवला. कावळा शेजारच्या लिंबावर येऊन बसला, मान वाकडी करून बघत राहिला, उतरला नाही. पंगत खोळंबली. त्यातले मेव्हणे म्हणाले, "दाजी, बोला काय तरी. मागल्या टायमाला तुमच्याच शब्दावर शिवला हुता."

सगळे माझ्याकडं बघाय लागले. घरचीही दारातनं बघत होती. मी टोपी काढली, वर बघितलं आणि म्हणालो, "बघू."

पोरगा याच गावात वाढलेला. त्याला त्याचा अर्थ सांगावा लागत नाही.

शेवटी घास गाईला घातला आणि पंगत बसली. एक पत्रावळ मी जादा मांडायला लावली होती. वाढपी ती उचलाय लागला. मी उचलू दिली नाही.