टेपवरचं डिक्टेशन

टाइपरायटरची घंटी बिघडली असं मला वाटलं, तिथून हे सगळं सुरू झालं. ओळ संपत आली की ती टिंग करते आणि आपण कॅरेज ढकलायची. ती वाजेनाशी झाली आणि माझ्या ओळी कागदाच्या कडेपर्यंत धावायला लागल्या. मेकॅनिक आला. त्यानं चार कळा दाबल्या आणि म्हणाला, "वाजतीया की, बाई. चांगली खणखणीत वाजतीया."

मी "असं होय" म्हणून त्याला चहा पाजला. मला काहीही ऐकू आलं नव्हतं.

सत्तरच्या दशकाची शेवटची वर्षं होती. मी शिरोलीला एका फौंड्रीच्या ऑफिसात स्टेनो होते. वय बत्तीस. ऑफिस म्हणजे शेडला चिकटून असलेली काचेची खोली, पलीकडे दिवसभर लोखंड घासणारा ग्राइंडर कर्कश चालायचा. त्या ग्राइंडरनं माझी अब्रू बरीच वर्षं राखली. "काय म्हणालात?" असं विचारलं, तरी दोष त्याच्याच माथी जायचा. घरात मात्र ग्राइंडर नव्हता. तिथं मी विसरभोळी ठरले होते, आणि बहिरी म्हणवून घेण्यापेक्षा ते मला बरं वाटत होतं.

डिक्टेशन मी तोंड बघून घेत होते. साहेबांच्या ओठांवर नजर आणि हात आपोआप वहीवर. साहेब वडणग्याकडच्या शेतकरी घरातले, स्वतःच्या हिमतीवर फौंड्री उभी केलेले. इंग्रजी सावकाश बोलायचे, त्यामुळे जमून जायचं. पण पुढं पुढं ते खिडकीकडं तोंड करून सांगायला लागले. पाठीवरून काय वाचणार? मी अंदाजानं लिहायची.

एक अंदाज चुकला. कास्टिंग पन्नास दिवसांत देऊ असं साहेबांनी सांगितलं होतं, मी पंधरा लिहिलं. फिफ्टी आणि फिफ्टीन. साहेबांनी न वाचताच सही केली. सोळाव्या दिवशी पुण्याच्या गिऱ्हाइकाची तार आली, माल कुठे आहे? साहेबांनी तार वाचली, फाइलमधली पत्राची नक्कल काढून बघितली, आणि मला एक शब्द बोलले नाहीत. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुढच्या आठवड्यात माझ्या टेबलावर कॅसेटचा टेपरेकॉर्डर आला. चपटा, जेवणाच्या डब्याएवढा, पुढं पियानोसारखी बटणं. "आता मी घरी बोलून आणत जाईन," साहेब म्हणाले, "तुम्ही ऐकून टाइप करा."

ह्या यंत्राला तोंडच नव्हतं.

पहिली कॅसेट लावली. आवाज पूर्ण वाढवला तर डबा थरथरायला लागला, आणि साहेबांचं इंग्रजी पिठल्यासारखं एकजीव होऊन बाहेर आलं. मी सरळ सांगून टाकलं, मशीन खराब आहे. मग घरी जाताना तेच शिवाजी पेठेतल्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात घेऊन गेले. दुकान एका वयस्क मुसलमान गृहस्थांचं होतं. सगळी पेठ त्यांना चाचा म्हणायची.

चाचांनी कॅसेट लावली. "साफ हाय की आवाज."

"फुटतोय चाचा. वाढवा जरा."

त्यांनी वाढवला. मी आणखी वाढवा म्हटलं. शेजारचा शिंपी दारात येऊन बघायला लागला. चाचांनी टेप बंद केला, माझ्याकडं पाठ केली आणि ड्रॉवरमध्ये काहीतरी शोधायला लागले. वळले तेव्हा म्हणाले, "मी आत्ता काय इचारलं, ताई?"

मला सांगता आलं नाही.

"रेडिओ बिघडला तर लोक दुसऱ्या दिवशी घेऊन येत्यात," ते समोर तोंड करून, सावकाश म्हणाले. "कान बिघडला की दहा-दहा वर्षं लपवत्यात. काय मिळतं त्यात?" आणि एका कानात घालायचा इअरफोन त्यांनी माझ्यापुढं धरला. टेपच्या बाजूला एक बारीक भोक होतं, त्यात त्याची पिन बसवली. "घाला."

घातला. आणि साहेब माझ्या कानात बोलायला लागले. फिफ्टी वेगळं, फिफ्टीन वेगळं. वाक्याच्या मध्ये त्यांचा खाकरा, मागं कुठंतरी भांडं पडलेलं, त्यांच्या मिसेसनी विचारलेलं "आमटी गरम करू का?" सगळं. मी तिथं स्टुलावर बसून रडले. चाचांनी शिंप्याला हाकललं आणि मला पाणी दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच साहेबांपुढं उभी राहिले. "मशीन चांगलं आहे, साहेब. कान माझे खराब आहेत. मी तुमचं तोंड बघून लिहीत होते. ती पन्नास दिवसांची चूक माझीच."

साहेब खुर्चीत मागं रेलले. "म्हणजे तुम्हाला ऐकू येत न्हवतं?"

"नाही."

"आणि म्हणून सारखं 'काय म्हणालात' इचारत होता?"

"हो."

"आरं देवा!" ते मोठ्यानं हसले. "मला वाटायचं माझं इंग्रजी चुकतंय. तुम्ही शिकलेल्या बाई, तोंडाकडं टक लावून बघताय, परत परत इचारताय. लाजच वाटायची. म्हणून तर खिडकीकडं बघून बोलायचो. म्हणून तर हे मशीन आणलं, चुकलं तर घरी बसून पुसता येतंय."

मीही हसले. दोन शहाणी माणसं काचेच्या एका खोलीत एकमेकांना घाबरून बसली होती. नोकरी जाणार म्हणून मी बांधून ठेवलेलं मनातलं गाठोडं सुटलं, आणि साहेबांच्या कपाळावरची आठीसुद्धा गेली.

पुढं सहा-सात वर्षं मी त्या टेपवर काम केलं. त्याच्याबद्दल माझं मत पक्षपाती असणारच. फोन मला कधी आवडला नाही, तो एकदा बोलून मोकळा होतो. ट्रान्झिस्टरचंही तसंच. टेपला मात्र शंभरदा मागं फिरवा, तो कंटाळत नाही, "सांगितलं की आत्ता" म्हणत नाही. गाण्यांसाठी लोक तो घेत होते. मला वाटतं, ज्यांना पुन्हा विचारायची लाज वाटते त्यांच्यासाठी तो बनवला असावा.

साहेबांना सांगितलं त्याच संध्याकाळी घरी नवऱ्यालाही सांगितलं. तो माझ्यासमोर येऊन बसला आणि एकेक शब्द सुटा करत म्हणाला, "मला वाटायचं, तू माझ्यावर रागावली हाईस."

त्या रविवारी आम्ही दोघं मिरजेला कानाच्या डॉक्टरांकडं गेलो.