फक्कीची रेघ

आमच्या सोसायटीत घर घेणारा प्रत्येक जण एकदा तरी फसलेला आहे, आणि तरीही घर विकून कुणी गेलेलं नाही. बिल्डरच्या जाहिरातीत साठ फुटी रस्ता होता, त्याच्या दुतर्फा झाडं होती आणि झाडांखालून एक बाई हसत हसत सायकल चालवत होती. आम्ही राहायला आलो तेव्हा बाई नव्हती, झाडं नव्हती, आणि रस्ताही नव्हता. मोहाली संपून शेतं सुरू होतात तिथे, भाताच्या मधोमध, सहा इमारती उभ्या. रस्त्याची फाइल कुठल्याशा ऑफिसात आहे, एवढंच उत्तर मिळायचं.

बाहेर पडायला दोन वाटा. एक नाल्याच्या काठाकाठाने जाणारी, साडेचार किलोमीटरची, डंपरांनी उखणून ठेवलेली. दुसरी नछत्तर सिंग नावाच्या शेतकऱ्याच्या रानातून, जेमतेम तीनशे मीटरची. अशा शेतातल्या वाटेला इकडे 'पही' म्हणतात. ती सरळ डांबरी रस्त्याला लागायची. कागदावर तिच्यावर आमचा काडीचाही हक्क नव्हता. नछत्तर सिंग काही म्हणत नव्हता म्हणून आम्ही जात होतो, आणि आम्ही सुशिक्षित माणसं असल्यामुळे त्याला कधी विचारायचं आमच्या डोक्यातही आलं नाही.

या पहीची काळजी घेणारा एकच माणूस होता, बाजीराव जगदाळे. सोसायटीतल्या सात मराठी घरांचे बाजीरावकाका, बाकी सगळ्यांचे फौजी. मूळचे कोरेगाव तालुक्यातले, अठराव्या वर्षी सैन्यात गेलेले. नोकरी सगळी सॅपर्समधली, म्हणजे इतरांना पुढे जाता यावं म्हणून पूल बांधायचे आणि रस्ते काढायचे. अरुणाचलात काढले, राजस्थानात काढले. शेवटचं पोस्टिंग चंडीगढशेजारच्या चंडीमंदिरला झालं आणि काका चंडीगढच्या प्रेमात पडले. कशाच्या म्हणाल, तर रस्त्यांच्या. "आगं, फूटपट्टी लावून आखल्यात गं," असं ते मला अजूनही सांगतात, जणू मी इथे राहत नाही. मुलगी सुमेधा पुण्यात. ती दर सुट्टीत काका-काकूंना तिकडे बोलावते. काका एकदा जाऊन आले आणि तिथले बोळ बघून चार दिवसांत परतले.

अर्थात पेन्शनीत सेक्टरमधलं घर परवडणार नव्हतं. म्हणून सरळ रस्त्यांसाठी इथे राहिलेला माणूस बिनरस्त्याच्या सोसायटीत तळमजल्यावर येऊन पडला. यावर मी त्यांना चिडवलं की ते म्हणायचे, "पोस्टिंग हाय. मिळंल तितं ऱ्हायाचं." दर रविवारी सकाळी ते घमेलं आणि फावडं घेऊन निघायचे आणि बांधकामाचा राबिट आणून पहीतले खड्डे भरायचे. ट्यूबवेलच्या खोलीपाशी नछत्तर सिंग बसलेला असायचा. दोघं लांबून हात वर करायचे. तीन वर्षांची ओळख एवढीच.

आता ही गोष्ट दोन दसऱ्यांमधली आहे.

पहिल्या दसऱ्याच्या आधी पंधरा दिवस वंदनाकाकू, म्हणजे काकांच्या पत्नी, बाथरूममध्ये घसरल्या आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात ऑपरेशन झालं. काका सकाळी जायचे ते दिवेलागणीला यायचे. चेहरा उतरलेला, पण दाढी गुळगुळीत. दसऱ्याच्या आदल्या दिवशी काकूंनी हॉस्पिटलातूनच फर्मान काढलं, "माझ्यापायी सीमोल्लंघन चुकवायचं न्हाई. एकतीस वर्षांत एकदाबी चुकवलं न्हाई."

हे खरं होतं. दसऱ्याला गावाची शीव ओलांडायची, हे काकांच्या घरचं व्रतच. चंडीमंदिरच्या क्वार्टरमध्ये असताना ते स्कूटरवर काकूंना मागे बसवून हरियाणातून चंडीगढात शिरायचे आणि परत यायचे. दसऱ्याला एक राज्य ओलांडणारा मी एकटाच मराठा, असं वर सांगायचे. पण यंदा सोबत काकू नव्हत्या, लांब जायची इच्छाही नव्हती. म्हणून आम्हीच ठरवलं, सीमोल्लंघन सोसायटीतच करू. ईशान्येला शीव ओलांडायची असते. ईशान्येला बरोबर नछत्तर सिंगच्या शेताचा बांध होता.

मग काकांना हुरूप आला. सकाळी त्यांनी टेप, ओळंबा आणि थापी यांची पूजा केली, तीच त्यांची शस्त्रं. बांधाला लागून पुढचं भात कापून झालेलं होतं, मागचं अजून उभं होतं. मुलं हुंदडत उभ्या पिकात घुसू नयेत म्हणून काकांनी एक सोय केली. गेटपासून बांधापर्यंत, आणि बांधाच्या पुढे शेतात पन्नास पावलं, दोरी ताणून फक्कीची रेघ मारली. रेघ अशी की आकाशातून बघावी. टोकाला एक काटकोन केला आणि परतीची दुसरी रेघ आणली. कुणीही रेघेबाहेर पाऊल टाकायचं नाही, असा हुकूम.

आपट्याची पानं इथे मिळत नाहीत. कचनारची मिळतात, तशीच जोडपानं, फक्त अंगाने मोठी. ती आम्ही पिशवीभर आणली होती. आम्ही सात घरची माणसं नटूनथटून, रेघांमधून चालत, बांध ओलांडून शेतात गेलो. नारळ फोडायची कल्पना माझी. आता सांगताना लाज वाटते, पण होती माझीच. बांधावर हळदकुंकू वाहिलं, उदबत्ती लावली, नारळ फोडला, एकमेकांना सोनं दिलं. माझ्या नवऱ्याने, प्रणवने, त्या रेघांच्या चौकोनात उभं करून सगळ्यांचा फोटो काढला. परत येताना मी काकांना म्हटलं, "किती छान झालं ना?" काका खूश होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहीवर सिमेंटचे दोन खांब उभे होते आणि मधे काटेरी तार. पत्र्याच्या पाटीवर लाल रंगात 'रास्ता बंद'. ऑफिसच्या गाड्या पहीच्या तोंडाशी अडल्या आणि हॉर्नचा एकच कल्लोळ झाला. तारेपलीकडे नछत्तर सिंग उभा. साठीचा, उंच, दाढी पांढरी, डोळे लाल.

"सात साल पहले भी ऐसे ही आए थे," तो ओरडला. "पहले चूना डाला, फिर नारियल फोड़ा, फोटो खींची, फिर मशीन आ गई. दो किल्ले गए मेरे. अब बाकी भी लेने आए हो? त्योहार के दिन?"

दोन किल्ले म्हणजे दोन एकर, एवढं आम्हाला कळत होतं. आणि ज्या सहा इमारतींत आम्ही राहत होतो त्या कशावर उभ्या आहेत, हेही त्या क्षणी पहिल्यांदा कळलं. शीव ओलांडायच्या नादात आम्ही त्याच्या घरात कुदळ मारल्यासारखं करून आलो होतो. बांधावर नारळाची करवंटी अजून पडलेली होती.

सोसायटीच्या ग्रुपवर दिवसभर आग पेटली. कुणी म्हणालं पोलिसांत जा, कुणी म्हणालं कोर्टात जा, वहिवाट असते, वकील बघा. मीसुद्धा एक लांबलचक अर्ज लिहून काढला. तो दाखवायला काकांकडे गेले तर काका खुर्चीत बसून होते, समोर डिस्चार्जचा कागद. चार दिवसांनी काकूंना घरी आणायचं होतं. डॉक्टरांनी बजावलं होतं, अँब्युलन्समधून झोपवून न्या आणि हादरे बसू देऊ नका. नाल्याकाठच्या वाटेवर धडधाकट माणसाची कंबर मोडते. त्यात परवाच्या पाण्याने एक टेम्पो तिथे अर्धा रुतून बसला होता.

"सगळ्या जगाला रस्ता करून दिला," काका म्हणाले, "आन् बायकुला घरी आणायचा रस्ता मीच बंद करून बसलो."

मी माझा अर्ज पुढे केला. त्यांनी तो वाचला, घडी घातली आणि मला परत दिला. "चूक आपली हाय, देवयानी. चुकीवर अर्ज नसतो करायचा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खिडकीतून बघते तर काका खराटा, खुरपं आणि घमेलं घेऊन बांधावर उभे. तारेला त्यांनी हात लावला नाही. हाक मारून हात जोडले, ट्यूबवेलच्या दिशेने काहीतरी विचारलं आणि उत्तराची वाट बघत थांबले. बऱ्याच वेळाने नछत्तर सिंगने हात हलवला. तो हो होता की चालते व्हा, मला कळलं नाही. काकांनी हो धरला. ते खाली बसले आणि खुरप्याने फक्की खरवडू लागले. एक फूट रेघ खरवडायची, खराट्याने गोळा करायची, घमेल्यात भरायची, पुढे सरकायचं. अडुसष्ट वर्षांचा माणूस, गुडघे कुरकुरणारे. मला राहवलं नाही. मीही केरसुणी घेऊन गेले. नारळ माझा होता, निदान करवंटी तरी मीच उचलायला हवी होती.

तास झाला, दीड तास झाला. शेवटी नछत्तर सिंग उठून आला. त्याच्या हातात चहाचे दोन स्टीलचे ग्लास होते. रागाने भरलेला माणूस पाहुण्याला चहा देतो तेव्हा कसा दिसतो, ते मी त्या दिवशी पाहिलं. ग्लास त्याने बांधावर ठेवले, आमच्या हातात दिले नाहीत.

"लाइन सीधी थी, फौजी," तो म्हणाला. "इसी से तो डर गया मैं. इतनी सीधी लाइन सरकार मारती है या बिल्डर."

काकांनी त्याला आपल्या मोडक्यातोडक्या फौजी हिंदीत सगळं सांगितलं. दसरा, शीव, ईशान्य दिशा, सोनं, काकूंचं हॉस्पिटलातलं फर्मान. नछत्तर सिंग ऐकत होता आणि त्याच्या भुवया वर वर चढत होत्या.

"मतलब, त्योहार ये है कि दूसरे की हद में घुसना है?"

काका गोंधळले. एकतीस वर्षांत हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. "घुसना है," ते म्हणाले, "लेकिन पूछ के घुसना चाहिए था. वो हम भूल गए. माफी चाहता हूं, सरदारजी."

मग खिशातून त्यांनी कचनारचं एक सुकत आलेलं पान काढलं आणि त्याच्यापुढे धरलं. "ये हमारा सोना है."

नछत्तर सिंगने पान उलटंपालटं केलं. "ये तो कचनार है. इसकी कली की तो सब्ज़ी बनती है." आणि तो हसला. आधी दाढीत, मग मोठ्याने. मला एकदम रडूच आलं, काही कारण नसताना. काकूंबद्दल त्याने बारीकसारीक सगळं विचारून घेतलं. पण तार तशीच राहिली, आणि आम्हीही तिचा विषय काढला नाही.

काकूंच्या डिस्चार्जच्या दिवशी काका सकाळीच हॉस्पिटलात गेले. नाल्याकाठून हळूहळू यायचं, असं ठरलं होतं. साडेअकराला मी गेटवर गेले तर समोर ट्रॅक्टर चालू. तार गुंडाळून बाजूला टाकलेली, खांब आडवे केलेले. नछत्तर सिंग ट्रॅक्टरला पाटा लावून पही सपाट करत होता, आणि वर टँकरमधून पाणी मारून दाबत होता. मी काकांना फोन करून पहीवरूनच यायला सांगितलं.

अँब्युलन्स पहीवरून आली ती इतकी संथ, की काकूंनी आत विचारलं म्हणे, "आलं का घर? कवाधरनं गाडी उभीच हाय."

त्यानंतर वर्षभरात बरंच काही झालं. काका आणि नछत्तर सिंग रोज संध्याकाळी ट्यूबवेलपाशी बसू लागले. काका मराठीमिश्रित हिंदी बोलत, तो ठेठ पंजाबी, आणि दोघांचं छान चालायचं. रस्त्याची फाइल अखेर हलली. या वेळी नछत्तर सिंगला आधी विचारलं गेलं, कारण कागद घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला काका आधी त्याच्या ओसरीवर नेऊन बसवत. पहीच्या पट्ट्याच्या बदल्यात त्याने पलीकडे लागून असलेली तेवढीच जमीन मागून घेतली आणि मग सही केली. भाद्रपदात डांबर पडलं. साठ फूट नाही, तीस फूट. सायकलवाली बाई अजून आलेली नाही.

आणि मग दसरा आला. आम्ही सात घरची माणसं पानांच्या पिशव्या घेऊन गेटवर जमलो आणि तेव्हा लक्षात आलं, ओलांडायला काही उरलेलंच नाही. बांध रस्त्याखाली गेला होता. गेटपासून मुख्य रस्त्यापर्यंत सपाट काळं डांबर. प्रणव म्हणाला, कॅब करून हरियाणात जाऊन येऊ. वंदनाकाकू वॉकर धरून उभ्या होत्या, त्या म्हणाल्या, "पुढं तर चला. बगू."

पुढे गेलो. जिथे पूर्वी बांध होता तिथे नछत्तर सिंग उभा होता, धुतलेला कुर्ता, केशरी पगडी. हात कोपरापर्यंत पांढरे. त्याच्या पायाशी, रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत, फक्कीची एक जाडजूड रेघ होती. मधेच ती नागमोडी गेली होती आणि एका टोकाला तर पार सांडली होती.

"हद के बिना कैसे होगा तुम्हारा त्योहार," तो म्हणाला. "सीधी नहीं आई, फौजी. तेरे जैसी नहीं आई."

काका रेघेकडे बघत राहिले. हा माणूस भिंतीवरचं कॅलेंडर तिरकं दिसलं तर दुसऱ्याच्या घरातसुद्धा उठून सरळ करतो. आता ते वाकणार, असं मला वाटलं. ते वाकले नाहीत. त्यांनी हात जोडले आणि विचारलं, "आ जाएं?"

"आओ जी," नछत्तर सिंग म्हणाला.

आधी काकूंनी वॉकर पलीकडे ठेवला, मग एक पाय, मग दुसरा. काका त्यांच्या मागून गेले, रेघेला धक्का लागू नये म्हणून पाऊल चांगलं उंच उचलून.