सिंगापूरचे डॉलर आणि एक खण

ती घटना आजही आठवते, पण सरळ क्रमाने कधीच आठवत नाही. खोटे बोलणारी माणसे मी नोकरीभर हाताळली. त्यांचे काही वाटत नाही, कारण खोटे कुठे ना कुठे फाटतेच. या प्रकरणात मात्र जवळजवळ सगळेच खरे बोलत होते आणि तरी काही जुळत नव्हते.

मी तेव्हा पेणच्या पोलीस ठाण्यात होतो. मार्गशीर्ष चालू होता. सकाळची हजेरी आटोपून चहाचा कप हातात घेतला, तोच एक निवृत्त मुख्याध्यापक आत आले. मागे त्यांच्या पत्नी, मान खाली घालून. दोघे एका सहल कंपनीबरोबर सिंगापूरला निघाले होते, आयुष्यातला पहिलाच परदेश प्रवास. तिथल्या खर्चासाठी पनवेलच्या अधिकृत दुकानातून डॉलर आणून घरी ठेवले होते आणि ते गायब झाले होते. कपाटातल्या तिजोरीत होते, सर म्हणाले. तिजोरीचे कुलूप शाबूत होते आणि किल्ली बाईंच्या कमरेला. बाई काहीतरी बोलायला तोंड उघडत होत्या, पण चाळीस मुलांचा वर्ग गप्प करायची सवय असलेल्या माणसापुढे त्यांचे काय चालणार? संशय कोणावर, असे मी विचारले.

"लिहा," सर म्हणाले. "माझा धाकटा भाऊ."

भाऊ त्याच घरात वरच्या मजल्यावर बायकोसह राहत होता. नागोठण्याच्या एका कंपनीत शिफ्टची नोकरी. गेल्या काही दिवसांत त्याने डॉलरचा भाव काय, कुठे मिळतात, असे दोन-तीनदा विचारले होते. एवढ्यावर कोणी चोर ठरत नाही, हे मी सरांना सांगितले. ते म्हणाले, तुम्ही तुमचं काम करा.

गुन्हा दाखल झाला, पंचनामा झाला, काही हाती लागले नाही. मग रोह्याहून खबर आली. माझ्या ओळखीच्या एका सराफाने फोन केला. कंपनीच्या गणवेशातला एकजण दुकानात आला होता, डॉलर बदलून मिळतील का विचारत होता, म्हणे. आम्ही असले काही करत नाही म्हटल्यावर निघून गेला. वर्णन तंतोतंत धाकट्याचे. मी सुस्कारा टाकला. प्रकरण मिटले, असे तेव्हा मला खरोखर वाटले.

शिफ्ट सुटल्यावर त्याला ठाण्यात बोलावले. तिशी-पस्तिशीचा, दणकट, शांत माणूस. पंचांसमक्ष पिशवी उघडली तर डब्याखाली पाकीट आणि पाकिटात डॉलर. कुठून आणले? रोह्याला कशाला गेला होतास? उत्तर नाही. अटक झाली तर कंपनी दारात उभे करणार नाही, हे समजते का? मान हलवली. भावाने तुझे नाव लिहून दिले आहे म्हटल्यावर मात्र त्याने वर पाहिले.

"दादानं? स्वतःहून?"

मी हो म्हटले. त्यानंतर त्याने तोंड उघडले नाही. गुन्हेगार गप्प बसतो तेव्हा त्याची नजर दाराकडे असते. हा जमिनीकडे पाहत बसला होता. मला ते खटकले, पण मुद्देमाल समोर होता.

ओळख पटवायला सरांना बोलावले. त्यांनी नोटा हातात घेतल्या, चष्मा वर-खाली केला आणि कपाळाला आठ्या घातल्या. हे ते डॉलर नाहीत, म्हणाले. मी म्हटले, डॉलर ते डॉलर. तेव्हा त्यांनी मला वर्गातल्या ढ मुलासारखे समजावले, की सिंगापूरचे डॉलर निराळे, नोटा गुळगुळीत प्लास्टिकच्या. हे अमेरिकेचे डॉलर, साधे कागदी. तक्रार डॉलरची, खबर डॉलरची, सापडले तेही डॉलर, आणि तरी गेलेले एक नि मिळालेले दुसरेच. मग चोराने ते विकून हे घेतले की काय? पण चोर एक परका पैसा देऊन दुसरा परका पैसा कशाला घेईल? माझे दोन्ही फौजदार डोके खाजवत बसले. मी अटक लांबवली.

दुसऱ्या दिवशी महिला हवालदार बाईंना घेऊन मी पुरवणी जबाबासाठी सरांच्या घरी गेलो. धाकटी जाऊबाई रडून रडून सुजली होती. ती रोह्याकडच्या खेड्यातली. नवरा चौकशीला पुन्हा ठाण्यात, शेजारपाजारी खिडकीत, आणि तरी जबाब संपवून आम्ही उठलो तशी ती हवालदार बाईंना म्हणाली, "थांबा वाईच. आज गुरुवार हाय. सवाष्ण दारातनं अशी रिकामी धाडत नाय आमच्यात."

हवालदार बाईंनी माझ्याकडे पाहिले. मी मान हलवली. धाकटीने हळदकुंकू आणले, तांदूळ आणि नारळ आणला, आणि सवयीने मोठ्या जावेचे कपाट उघडून खणांच्या गठ्ठ्यातला वरचा खण उचलला.

थोरल्या बाईंनी पुढे होऊन तिचा हात धरला.

"गो, तू नेहमी इथूनच घेतेस?"

"व्हय. तुम्हीच म्हणलात ना, खण कोणाचा ते विचारायचं नाय, वरचा उचलायचा."

"मागल्या गुरुवारी रोह्याच्या मावशी आल्या, त्यांना दिलास तो?"

"तो पन इथलाच."

आमच्याकडच्या बायकांना पुढचे सांगावे लागणार नाही. ओटीतला खण सहसा कोणी चोळीला शिवून घेत नाही. तो घडीसकट कपाटात जातो आणि पुढची सवाष्ण आली की तिच्या ओटीत पडतो. सहलीवाल्यांनी बैठकीत बजावले होते, की खर्चाचे पैसे चोराला सुचणार नाही अशा जागी ठेवा. बाईंनी ते मनावर घेतले आणि सगळ्या नोटा एका खणाच्या घडीत सरकवल्या. नवऱ्याला सांगितले तिजोरीत आहेत, कारण खणात म्हटले असते तर ते हसले असते. पुढे तो खणच गठ्ठ्यात दिसेना, तेव्हा चोरीच झाली असे त्यांनाही वाटले आणि खरे सांगायचा धीर झाला नाही. चोराला खरोखरच सुचले नसते. जावेला सुचायची गरजच नव्हती.

मग पोलिसांची गाडी एका खणामागे धावू लागली. रोह्याच्या मावशींनी तो कोलाडच्या विहीणबाईंना दिला होता. विहीणबाई माघी गणपतीची मूर्ती सांगायला हमरापूरला गेल्या, तेव्हा त्यांनी तो मूर्तिकाराच्या बायकोच्या ओटीत घातला. प्रत्येक ठिकाणी आधी हसू, मग भीती. जीप पाहून कोलाडच्या विहीणबाई म्हणाल्या की साहेब, हवं तर माझे सगळे खण न्या.

हमरापूरच्या बाईंनी मात्र खण उलगडला होता, त्यांना तो शिवायचा होता. हाताला रंग लागलेला, त्या गोंधळून आमच्याकडे पाहत होत्या. "खेळातल्या नोटा वाटल्या. मग म्हटलं कोणाचं नवसाचं असंल, तर टाकायचं कसं? ठेवल्या देवाच्या पायाशी." कारखान्यातल्या एका अर्ध्या रंगवलेल्या गणपतीच्या पाटावर नोटा जशाच्या तशा होत्या.

संध्याकाळी दोघे भाऊ माझ्या टेबलासमोर होते. सर म्हणाले, "चल घरी." धाकटा जागचा हलला नाही. त्याच्याकडचे पाकीट मी पावती करून परत दिले आणि आता तरी सांग म्हटले. त्याने ते उचलून सरांपुढे ठेवले.

"वहिनीच्या खाऊला आणलेले. सराफाकडं मिळतात का विचारलं, नाय म्हणाला. मग आखातातनं आलेल्या दोस्ताकडनं घेतले. तिकडचं डॉलर निराळं असतं, मला काय ठावं?"

सराफही खरेच बोलला होता. बदलून हवेत, एवढेच त्याने सांगितले. विकायला की घ्यायला, हे मी विचारले नाही आणि त्याने सांगितले नाही. दोस्ताकडून असे परकी चलन घेणे नियमात बसत नाही, पण त्या दिवशी नियम काढायची मला इच्छा झाली नाही. हे कालच का नाही बोललास, असे मी विचारले.

"आधी दोस्ताला अडकवायचं नव्हतं. नि भावानं चोर लिहून दिल्यावर, साहेब, खाऊ म्हटलं असतं तर तुम्ही तरी मानलं असतं?"

मी मानले नसते. मला वाईट वाटले, आजही वाटते.

गुन्ह्याला आम्ही 'क' समरी मागितली. म्हणजे तक्रार खरीही नाही आणि खोटीही नाही, गैरसमजातून दिलेली. कोर्टाने ती मंजूर केली, नोटा सरांना परत मिळाल्या, प्रवासही झाला. सर परत आल्यावर ठाण्यात चॉकलेटे घेऊन आले होते. या प्रकरणाने मला शिकवले ते एवढेच, की घरातली वस्तू हरवली तर नवरा-बायकोला आधी वेगवेगळे बसवून विचारावे, आणि संशयिताचे नाव लिहून घेण्यापूर्वी फिर्यादीला एक रात्र घरी पाठवता आले तर पाठवावे. मुद्देमाल परत करण्याचा आदेश कोर्ट देते. लिहून दिलेले नाव कोणी परत आणून देत नाही.

निवृत्तीनंतर एकदा पेणला गेलो असता त्या घरावरून जाणे झाले. सर अंगणात झाडांना पाणी घालत होते. त्यांनी आत बोलावले, चहा दिला, सिंगापूरचे फोटो दाखवले. धाकटे कसे आहेत, असे मी विचारले. बरा आहे, वरच आहे, ते म्हणाले आणि कप उचलून आत गेले. निघताना मी घराकडे नीट पाहिले. वरच्या मजल्याला आता बाहेरून वेगळा लोखंडी जिना लावला होता.