घाम न येणारा व्यायाम

सुनंदाताई गेल्याचा फोन त्यांच्या मुलीनं विष्णुपुरीहून केला, तेव्हा मी सतरंजीवर गुडघे मुडपून, पोट आवळून उताणा पडलो होतो. त्यांनीच शिकवलेला व्यायाम. बातमी ऐकूनही त्यांच्या शिस्तीप्रमाणे आधी कुशीवर वळलो, मगच उठलो...

त्यांची ओळख झाली तेव्हा लातूर जिल्हा नवाच होता. मी नव्या कचेरीत कारकून, अन् लहानपणापासून तालमीतला. मणक्यातली गादी सरकली, कळ पायात जायला लागली. डॉक्टर म्हणाले, व्यायामानं उतार पडला नाही तर ऑपरेशन. मला ऑपरेशनची भयंकर धास्ती. दवाखान्यात व्यायाम शिकवायला देगलूरच्या सुनंदाताई. जोर, बैठका, वाकून अंगठे धरणं, सगळं बंद. पडल्यापडल्या पोट हलकंच आवळायचं, कंबर हलू न देता एक टाच सरकवायची, बस्स.

"श्वास कोंडू नका, पहिलवान. बोलत ऱ्हावा. जिल्ह्याचे तालुके म्हणा."

लातूर, औसा, निलंगा, उदगीर, अहमदपूर... पाच नावं झाली की पोट सैल. पुढं कैक वर्षांनी रेणापूर तालुका झाला, तेव्हा त्यांचा आवर्जून फोन आला, "आता एक नाव वाढवा!"

पण घाम येत नाही त्याला व्यायाम कोण म्हणेल? मी चोरून तालमीत जोर मारू लागलो. आठवड्यात कळ पुन्हा पोटरीत उतरली. ताईंनी विचारलं, "वाकून काय केलंत?" त्या साली दुष्काळ, टँकरपुढं रांगा. मी ठोकून दिलं, "पाण्याच्या घागरी उचलल्या."

"मग उद्यापासून न्हाई उचलायच्या."

दुसऱ्या दिवशी त्यांचे यजमान सायकलला दोन भरलेल्या घागरी अडकवून दारात हजर! महिनाभर रोज. मला इतकी लाज वाटली की तालीमच सुटली. हळूहळू कळ ओसरली, ऑपरेशन टळलं.

ताईंच्या स्मरणासाठी ठेवलेल्या पुण्यानुमोदनाला गेलो तेव्हा मुलीजवळ हे सगळं कबूल केलं. ती म्हणाली, "आईला ठाऊक होतं, काका. तुमच्या तळहातांना तालमीची माती असायची."

"मग रागावल्या का न्हाईत?"

"म्हणायची, रागावलं तर पहिलवान यायचाच बंद हुईल. लाज वाटली तर तालीम सोडंल."

मला रडू आवरेना. तेव्हा कधीच न विचारलेलं आता विचारलं, "अन् तुमच्या घरी पाणी?"

"आम्ही आठवड्यातून एकदा अंघोळ करायचो," ती म्हणाली. "मला वाटायचं, सगळेच करतात."