मामा कपाटात असताना

माझ्या मामाची वाडी दिग्गीच्या बाजूला, डोंगराच्या माथ्यावर. जीप पायथ्याच्या ओढ्यापर्यंतच जाते, पुढं उभी चढण. ती वाट मागल्या पावसाळ्यात वाहून गेली ती गेलीच. निम्मी वाट सुटे दगड, निम्मी घोटाभर वाळका पाला. पाय टाकला की माणूस वर जायचं सोडून खाली.

मामेबहिणीच्या लग्नासाठी मामानं रामनगरात लोखंडी कपाट घेतलं. नवऱ्या मुलाचं घर रामनगरातच, दुकानाच्या मागच्या गल्लीत. मी म्हटलं, "मामा, तिथंच सोडूया की. वर न्यायचं, परत खाली आणायचं, कशाला?"

"मग मांडवात लोकांनी काय बघायचं? पावती?"

ओझं हलकं व्हावं म्हणून आतले कप्पे आणि चावी आदल्या दिवशीच मामीकडं वर पोचती झाली होती. चैत्रातल्या एका सकाळी वाडीतले तिघं आणि मी, असे चौघं, बांबूला बांधलेलं कपाट खांद्यावर घेऊन ओढ्यापासून निघालो. मामा पुढं, हात मोकळे.

"डावीकडं घ्या! माझी डावी न्हवं, कपाटाची डावी!"

निम्म्या चढणीवर कपाट उभं करून, दोऱ्या सोडून आम्ही दम खात बसलो. पुढं आडवी आलेली फांदी मामानं काठीनं झोडली. वर आग्यामोहोळ होतं. आम्ही वाट फुटेल तिकडं पळालो. मामाला गुडघ्यामुळं पळता येईना. त्यानं कपाट उघडलं, आत शिरला आणि दार ओढून घेतलं. तेवढ्यात पळणारा एक जण दारावर आदळला, मूठ फिरली आणि चावीशिवाय लागणारं दाबाचं कुलूप खटकन बसलं.

माश्या गेल्यावर आम्ही परत आलो.

"गेल्या काय?" आतून आवाज आला.

"गेल्या."

"मग उघडा की."

मूठ हलेना. मग कपाट म्हणालं, "चावी मामीकडं हाय. पळ."

दाराच्या फटीतून वारा लागत होता, म्हणून जिवाची भीती नव्हती. तिघांना तिथं ठेवून मी मुळ्या धरत, गुडघ्यांवर रांगत वर निघालो. करवंदीच्या जाळीनं सदरा फाडला, एक चप्पल दरीत गेली, माशी चावलेला एक डोळा सुजून मिटला.

मामी अंगणात पापड वाळत घालत होती.

"मामी, चावी दे. मामा कपाटात अडकलाय."

तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं. "बस बाळा. ऊन लागलंय तुला." आणि कोकमाचं सरबत दिलं. ते मी प्यालो आणि सगळं पहिल्यापासून सांगितलं. तिला पटलं, पण तिची अडचण वेगळीच.

"पूजेबिगर नवं कपाट उघडायचं न्हाई. आधी आत हळद-कुंकू आणि तांदूळ जायला पायजेत."

"आत आधीच मामा गेलाय!"

"मला विचारून गेल्यात काय?"

मग ताट, नारळ आणि शेजारच्या दोघी बायका घेऊन ती माझ्यासोबत उतरली. कपाटासमोर उभी राहून तिनं विचारलं, "अहो, आत हायसा?"

"व्हय."

"काय करूलासा?"

"उभा हाय!"

"मग पूजा हुईपर्यंत तसंच ऱ्हावा."

दाराच्या आरशावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं. दगडावर नारळ फुटला. आरती ओवाळताना आतून आवाज आला, "लवकर आटपा, घाम सुटलाय."

"मधी बोलू नगा."

चावी फिरली. मामा बाहेर आला, सदरा अंगाला चिकटलेला. शेजारणीनं सवयीनं त्याच्या कपाळाला कुंकू लावलं, डोक्यावर तांदूळ टाकले. मामानंही गोंधळून कपाटाला नमस्कार केला. मग आमच्याकडं वळला.

"तोंडं काय करून घेतलासा रे ही?"

त्याला एकही माशी चावली नव्हती.

दोन दिवसांनी लग्न लागलं. कपाट मांडवात दिमाखात उभं होतं आणि त्याच्या बाजूला आम्ही चौघं, कुणाचा ओठ लोंबलेला, कुणाचा कान भाकरीएवढा. फोटोत आम्ही सगळीकडं आहोत. नवऱ्याच्या आत्यानं मामीला हळूच बाजूला घेतलं.

"तुमच्याकडच्या माणसांची तोंडं अशीच असतात काय हो?"

"व्हय," मामी शांतपणे म्हणाली, "पण काळजी करू नगा. पोरगी बापावर गेलीया."