मनोरीची दोरी आणि मंजूचा पाय

मनोरीला जायचं ठरलं ते घाटकोपरला, ताईच्या स्वयंपाकघरात, भांडता भांडता. ऐंशीच्या दशकातला एक फेब्रुवारी. मी तेव्हा मुलुंडच्या एका शाळेत पीटीची बाई होते. गळ्यात शिट्टी आणि शिट्टीहून मोठा आवाज. माझी थोरली बहीण सुनंदा, म्हणजे ताई, नुकतीच लेकीच्या शाळेतून परतली होती आणि सगळा राग स्टोव्हच्या पंपावर काढत होती. तिची मंजू तिसरीत. गोष्टी तोंडपाठ, तोंडी हिशेब झकास, पण पुस्तक हातात दिलं की गाडी अडलीच. एक शब्द वाचायची, थांबायची, परत मागे जायची, आणि वाक्य संपेपर्यंत सुरुवात विसरलेली असायची. मोठ्या बाईंनी ताईला स्पष्ट सांगितलं होतं की सोमवारी मुलीला घेऊन या, माझ्यासमोर एक धडा वाचू दे, नाहीच जमलं तर जूनमध्ये तिला पुन्हा तिसरीतच बसवू.

मंजू पाटावर बसून हे सगळं ऐकत होती आणि तिचा पाय हलत होता. ताईने तिच्या गुडघ्यावर चापट मारली. "पाय हलवू नकोस गं, किती वेळा सांगायचं? घरातली लक्ष्मी जाते." ही चापट दिवसातून कितीदा पडायची याला सुमार नव्हता.

आता माझी अक्कल. आम्हा पीटीच्या शिक्षकांचं एक शिबिर झालं होतं आणि तिथे एका डॉक्टरांनी भाषण दिलं होतं. त्यांचं म्हणणं असं की मेंदूलाही स्वतःचा ठेका असतो. ज्या मुलाला हातापायांनी ताल धरता येतो त्याला लक्ष देणं, वाचणं सोपं जात असावं, आणि तालाचा सराव दिला तर मदत होऊ शकते. ते बिचारे दर वाक्याला 'कदाचित' म्हणत होते, 'अजून अभ्यास चालू आहे' म्हणत होते. पण मी कसली ऐकते? माझ्या डोक्यात ते पक्कं बसलं. मी ताईला म्हटलं, पोर मला दोन दिवस दे, मोकळ्या हवेत नेते, टाळ्या आणि उड्यांनी तिचा ठेका बसवते. ताईने विचारलं की टाळ्या वाजवून पास करणारी शाळा मुलुंडला निघाली आहे का. मग म्हणाली, मी पण येणार, नाहीतर तू माझ्या पोरीची परेड काढशील. भावोजी रात्रपाळी करून झोपले होते. दोन दिवस घर शांत राहणार हे कळल्यावर त्यांनी डोळे न उघडताच परवानगी दिली.

मनोरीच का, तर माझ्या शाळेतली शिक्षिका हेमा तिथली. कोळीवाड्यात तिच्या आईचं घर, आणि ती केव्हापासून बोलावत होती. तिला स्वतःला यायला जमणार नव्हतं, पण तिने आईला निरोप धाडला.

शनिवारी सकाळची शाळा आटपून निघालो. तुम्ही जाणार असाल तर सांगते, आम्ही ट्रेनच्या भानगडीत पडलो नाही. घाटकोपरहून पवईला एक बस, तिथून आरे कॉलनीतून गोरेगावला दुसरी. बसचे नंबर सांगून उपयोग नाही, तेव्हाचे आता राहिले नाहीत. पण आरेतला तो रस्ता जरूर करा. दोन्हीकडे झाडी, मधेच म्हशींचे गोठे, शेणाचा आणि ओल्या गवताचा वास, आणि खिडकीतून येणारा वारा असा की ताईसारखी बाईसुद्धा पदर सोडून बाहेर बघत बसली.

मी मात्र कामाला लागले होते. कंडक्टर आपल्या पंचाने दांड्यावर टिक टिक करत येत होता. मी मंजूला म्हटलं, त्या टिकटिकीबरोबर टाळी वाजव. टिक झालं, मग जरा थांबून मंजूची टाळी. पुन्हा टिक, पुन्हा मागून टाळी. एकही बरोबर पडेना. कंडक्टर रसिक निघाला, आमच्या सीटपाशी उभा राहून मुद्दाम सावकाश वाजवू लागला, पुढच्या सीटवरच्या दोन म्हाताऱ्याही टाळ्या वाजवायला लागल्या. अख्खी बस ठेक्यात, आणि मंजू एकटी मागून. मला एक गंमत दिसली खरी. तिचे हात चुकत होते, पण सीटखाली लोंबकळणारा पाय अगदी कंडक्टरबरोबर हलत होता. मी ताईला दाखवणार, तोच ताईची चापट त्या गुडघ्यावर पडली आणि पाय थांबला.

आरेत उतरून बाटलीतलं थंड दूध प्यायलो. मग रस्त्याच्या कडेने मी मंजूला डावा-उजवा, टाळी-टाळी करत चालवलं. म्हशी रवंथ करत आमच्याकडे बघत होत्या. मंजूने जीव तोडून केलं, पण प्रत्येक टाळी उशिरा. शेवटी माझा पारा चढला आणि मी शिट्टी फुंकली. मंजू दचकली, दूध फ्रॉकवर सांडलं, आणि ताई म्हणाली की हेच मला अपेक्षित होतं. पुढची बस येईपर्यंत आम्ही दोघी बहिणी एकमेकींशी बोललो नाही.

गोरेगावहून मालाड, मालाडहून मार्वेची बस. मार्वेला रस्ता संपतो आणि खाडी सुरू होते, पलीकडे मनोरी. बोटीचं तिकीट तेव्हा सुट्ट्या नाण्यांत भागायचं. एक गोष्ट लक्षात ठेवा, ओहोटीला गेलात तर चपला हातात घ्यायच्या आणि साडी, पँट जे काय असेल ते वर खोचायचं. आम्ही पोचलो तेव्हा नेमकी ओहोटी. चिखलातून चालत बोटीपर्यंत जायचं, बोट लाटेवर वरखाली होत असते, आणि बरोबर वेळ साधून कडेवर पाय टाकायचा. कोळणी डोक्यावर रिकाम्या पाट्या घेऊन कोपऱ्यावरच्या दुकानात शिरावं तशा चढत होत्या. मंजूची पाळी आली. बोट चालवणारा नाखवा म्हणाला, "चल." मंजूने ते ऐकलं, नीट समजून घेतलं, मग पाय उचलला. तोवर बोट खाली गेली होती. मंजू बसकण मारून पाण्यात, आणि पाठीवरचं दप्तरही. दप्तरात मराठीचं पुस्तक, त्यात सोमवारचा धडा. ताईच्या तोंडून जे निघालं ते इथे लिहिण्यासारखं नाही. नाखव्याने मंजूला काखेत धरून उचललं आणि बोटीत ठेवलं. मंजू मात्र खारं पाणी थुंकत हसत होती.

हेमाच्या आईने दारातच "ये गो बाय" म्हणत मंजूला पोटाशी धरलं, ओला फ्रॉक काढून हेमाच्या लहानपणीचं परकर-पोलकं घातलं. पुस्तकाचं काय करायचं? अंगणात बांबूंवर बोंबील वाळत होते. तिने शांतपणे दोन बोंबील बाजूला सारले आणि त्या जागी पुस्तक उघडून पालथं टाकलं. मला हसू आवरेना. ताई आधी रागावली, मग तीही पोट धरून हसली, आणि आमचं भांडण तिथेच मिटलं. जेवायला तांदळाची भाकरी, तिसऱ्या शिंपल्यांचं कालवण आणि ओल्या बोंबलांचे कुरकुरीत तुकडे. पैशाचं नाव काढलं तर हेमाच्या आईने डोळे वटारले. मी आजतागायत असं जेवण विकत कुठे खाल्लेलं नाही.

ऊन उतरल्यावर अंगणात वाड्यातल्या पोरी जमल्या. होडीचा जुना जाड दोर घेऊन दोघी फिरवायच्या, बाकीच्या एकेक करून आत शिरायच्या आणि उड्या मारायच्या. दोर ओला, जड. जमिनीवर थाप, थाप, थाप असा आवाज. पोरी मंजूला आत बोलवत होत्या. ती कडेला उभी, पुढे-मागे झुलत. मी आपली ओरडतेय, आता शिर, आता, आता! दर वेळी थाप पडायची, मंजू सरसावायची, आणि दोर तिच्या नाकासमोर. एकदा पायात अडकून पडली, तेव्हा पोरी हसल्या. मंजू उठली आणि ओट्यावर येऊन बसली. डोळे भरलेले. मला वाटलं, माझ्या शिबिराची आणि टाळ्यांची पुरती वाट लागली. सोमवारी ही अशीच बाईंसमोर उभी राहणार, आणि जूनमध्ये तिच्या मैत्रिणी चौथीत जाताना ही तिसरीच्या दारात.

मी शिट्टी काढून पर्समध्ये टाकली आणि तिच्या शेजारी बसले. साधं विचारलं की बाळा, तू दर वेळी थांबतेस का?

मंजू म्हणाली, "मावशी, आवाज ऐकल्याशिवाय कसं करू? आई म्हणते ना, आधी नीट ऐक, मग कर."

पोर चुकत नव्हती हो, सांगितलेलं पाळत होती! प्रत्येक टाळी आधी नीट ऐकायची, मगच आपली वाजवायची. प्रत्येक शब्द आधी वाचून थांबायचं, बरोबर आहे ना याची खात्री करायची, मगच पुढे. मग उशीर होणार नाही तर काय? मी म्हटलं, पण बसमध्ये तुझा पाय तर अगदी बरोबर पडत होता. तेव्हा ती घाईघाईने म्हणाली, "तो मी नाही हलवत. तो आपोआप हलतो." आणि भीतीने आईकडे बघितलं.

ताई दारात भाकरीचं पीठ लागलेल्या हातांनी उभी होती. सगळं ऐकलं होतं तिने. तिने हात पदराला पुसले, साडी गुडघ्यापर्यंत वर खोचली आणि सरळ त्या दोरीकडे चालू लागली. मी विसरलेच होते की चाळीत असताना आमची सुनंदा दोरीउड्यांची राणी होती! क्षणभर दोरासमोर उभी राहिली, मान नुसती डोलली, आणि थाप पडायच्या आधीच आत. धाडधाड उड्या, अंबाडा सुटला, बांगड्या खणखणतायत, पोरी ओरडतायत. हेमाची आई तर खांबाला धरून हसत होती.

ताईने आतूनच हात पुढे केला. धापा टाकत म्हणाली, "आवाजाची वाट नको बघूस, राणी. तो येणारच आहे. त्याच्या आधी ये."

मंजू ओट्यावरून उतरली. दोरासमोर उभी राहिली. मी तिच्या हातांकडे नाही, पायाकडे बघत होते. उजवा पाय हलायला लागला, थापेबरोबर, अगदी थापेबरोबर. ताईने बघितलं आणि या वेळी ओरडली नाही. मग मंजू शिरली. काय सांगू तुम्हाला, आत शिरली आणि मायलेकी समोरासमोर उड्या मारायला लागल्या, आणि मी चक्क रडले. पीटीची बाई, शाळेतली पोरं जिला टरकतात ती, अंगणात उभी राहून रडले. अंधार पडेपर्यंत मंजूने कुणाला दोर सोडू दिला नाही.

रविवारी सकाळी किनाऱ्यावर गेलो. लांबच लांब वाळू, माणूस नाही, माडांच्या मागे कोवळं ऊन. पुस्तक कडक वाळून फुगलं होतं आणि त्याला जो काही वास येत होता, विचारू नका. मंजू ओल्या वाळूवर चालत वाचत होती, एका पावलाला एक शब्द. जोडाक्षर आलं की पाऊल अडखळायचं. लगेच जादू झाली असं मुळीच सांगणार नाही. पण अडली तरी ती मागे जात नव्हती, ताई शेजारून चालत असल्यामुळे पुढेच जात होती. दुपारी परतीच्या बोटीला नाखव्याने "चल" म्हणायच्या आतच मंजू चढून बसली होती. तो माझ्याकडे बघून म्हणाला, ही कालचीच पोर काय?

सोमवारी मीही शाळेला दांडी मारून ताईबरोबर गेले. मोठ्या बाईंनी पुस्तक हातात घेतलं, नाकाजवळ नेलं, पटकन लांब धरलं. "हा वास कसला?" ताई म्हणाली, "बोंबलांचा, बाई." बाईंनी पुस्तक लांबूनच मंजूच्या हातात दिलं.

मंजू वाचायला लागली. हळू, पण वाचत होती. टेबलाच्या कडेखाली उजवा पाय हलत होता. दुसरं वाक्य संपलं, तिसरं सुरू झालं, माझा जीव भांड्यात पडत होता, तेवढ्यात बाई मायेनेच म्हणाल्या, "बाळ, पाय हलवू नकोस. सरळ उभी राहा." पाय थांबला. आणि वाचनही थांबलं. मंजूने तोच शब्द वाचला, पुन्हा तोच वाचला. मी ताईकडे बघितलं. मोठ्या बाईंसमोर मान वर करून न बोलणारी माझी बहीण खुर्चीतून उठून उभी राहिली.

"हलवू द्या तिला, बाई," ती म्हणाली. "ती पायाने वाचते."

बाईंनी ताईकडे बघितलं, मग मंजूकडे, आणि मान हलवली. पाय पुन्हा सुरू झाला. मंजूने धडा शेवटपर्यंत वाचला. दोन-चार ठिकाणी चुकली, एक ओळ गाळली, पण वाचला. बाई म्हणाल्या की घरी सराव चालू ठेवा, चौथीत बसू दे.

पुढे मी शाळेत कितीतरी पोरांना ठेक्यावर चालवलं, दोरीवर उड्या मारायला लावल्या. काहींचं वाचन सुधारलं, काहींचं नाही, आणि त्या डॉक्टरांचा 'कदाचित' मला आता पटतो. मनोरी तुम्ही जरूर करा, हिवाळ्यात करा, भरतीची वेळ विचारून जा, पुस्तक नेणार असाल तर प्लॅस्टिकच्या पिशवीत न्या.

त्या सोमवारी मंजूच्या शाळेतून घरी परत आलो तेव्हा भावोजी जागे होते. मंजू पाटावर बसून त्यांना सगळं सांगत होती, दोर, बोट, बोंबील, आणि पाय आपला हलतच होता. ताई स्टोव्हपाशी होती. सवयीने तिचा हात वर गेला, चापट मारायला. मंजूनेही सवयीने गुडघा आक्रसला. ताईचा हात तसाच हवेत थांबला. मग त्याच हाताने तिने मंजूचे केस मागे सारले आणि गाळणं उचलून चहा गाळायला लागली.