कडी नसलेलं दार

सुमनकाकूंची वाटी मी रिकामी परत केली, आणि तीही माझ्या मुलीच्या हातून. आमच्या मजल्यावर शेजारची वाटी कुणी रिकामी पाठवत नाही. काही नसलं तर निदान चिमूटभर साखर घालतात. पण जिन्यातल्या चपलांच्या स्टँडवरून काकूंशी माझं वाजलं होतं, आणि तो राग मी घासूनपुसून त्या वाटीतून पाठवला.

काल मुलगी शाळेसाठी ‘माझा शेजार’ हे चित्र काढत होती. मजल्यावरच्या सगळ्या दारांना तिने कड्या काढल्या होत्या, फक्त काकूंच्या दाराला नव्हती.

“अगं, इथली कडी राहिली,” मी म्हणालो.

“राहिली नाही, बाबा. तिकडे आपण आता जात नाही ना?”

पुस्तकातला शेजार मी तिला रोज शिकवत होतो. पोस्ट, दवाखाना, बाग, सगळ्यांनी मिळूनमिसळून राहावं वगैरे. ते तिला पाठही झालं होतं. पण शेजार म्हणजे काय हे मुलं शिकतात, ते आपण कुठल्या दाराशी थांबतो आणि कुठल्या दारावरून मान वळवून जातो, हे बघून. तिच्या इवल्या हाताने एक दार बंद केलं होतं, आणि ते मी शिकवलं होतं.

संध्याकाळी वाटीभर शिरा घेऊन, तिचा हात धरून मी काकूंची कडी वाजवली.

“काय, स्टँड हलवायला आलात?” काकू दारातूनच म्हणाल्या.

“नाही, काकू. त्या दिवशी तुमची वाटी रिकामी पाठवली, पोरीच्या हातून पाठवली. माझं चुकलं. मला माफ करा.”